दोन सुयांचा टाका

बाळांनो,

आजोबा गेल्यावर तुम्ही दोघं आईबरोबर आला होतात, तेव्हा झोपायच्या खोलीच्या दारामागे खुंटीला लटकलेलं चामड्याचं होल्स्टर तुम्ही उतरवून पाहिलं होतंत. "आजोबा ड्यूटीवर लावायचे ते," असं तुमच्या आईने सांगितलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. बाहेर माणसं बसली होती, चहा उकळत होता. मी तिला दुरुस्त न करता चहा गाळायला वळले. परवा फोनवर धाकट्याने सांगितलं की शाळेच्या प्रोजेक्टमध्ये त्याने त्या होल्स्टरचा फोटो लावला आहे आणि खाली लिहिलं आहे, 'माझ्या आजोबांनी पोलिसात आयुष्यभर वापरलेलं.' ऐकून बरं वाटलं, पण फोन ठेवल्यावर मला जेवण गेलं नाही.

ते खरं नाही. ते होल्स्टर कमरेला लावून आजोबा या घराच्या उंबऱ्याबाहेर एकदाही गेले नाहीत. त्यांना अर्धांगवायू झाल्यावर आम्ही दोघांनी ते जेवणाच्या टेबलाशेजारी बसून शिवलं. तुमच्या आईला यातलं थोडंच माहीत आहे, कारण फोनवर आम्ही तिला थोडंच सांगितलं होतं. मी सगळी नोकरी फोर्टातल्या एका ऑफिसात सेक्रेटरी म्हणून केली. फाईलवर चुकीचं लेबल लागलेलं दिसलं की मला आजही राहवत नाही. शिवाय आता तुम्ही खरं ऐकण्याइतके मोठे आहात, आणि माझ्याखेरीज ते सांगणारं कोणी उरलेलं नाही.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. मलाही गेलं असतं, माझं शिक्षण गिरगावातल्या इंग्रजी शाळेत झालं. पण यातलं बोलणं मराठीत झालेलं आहे. अडेल तिथे आईला विचारा.

आपली परळची इमारत जिथे उभी आहे, तिथे पूर्वी आजोबांच्या वडिलांची चाळ होती. ते गिरणीत होते. आजोबा त्याच चाळीतून फौजदार झाले आणि वरिष्ठ निरीक्षक होऊन निवृत्त झाले. नोकरीचं हत्यार निवृत्तीच्या दिवशी परत गेलं. पण मधल्या काही वर्षांत त्यांना धमक्या येत असत, तेव्हा त्यांनी स्वतःच्या नावावर परवाना काढून एक रिव्हॉल्व्हर घेतलं होतं. ते घरीच राहिलं. लोखंडी कपाटाच्या आतल्या कप्प्यात रिव्हॉल्व्हर आणि वरच्या कप्प्यात, वेगळ्या डब्यात, गोळ्या. कपाटाची चावी त्यांच्या जानव्याला असे, असं मी थट्टेने म्हणायची. खरं तर ती त्यांच्या उशीखाली असे. तेव्हापासून इतकी वर्षं ते हत्यार माझ्या घरात होतं आणि मी त्याला कधी बोट लावलं नव्हतं.

अपवाद एकच दिवसाचा, आणि तोही लांबून. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आपल्याकडे हत्यारांची आणि अवजारांची पूजा असते. मी पाट मांडायची. त्यावर माझी शिवणाची कात्री, विळी, आजोबांची जुनी शिट्टी. मग आजोबा कपाट उघडायचे, त्याचं काळं होल्स्टर कमरेला लावल्यासारखं धरून त्यातून रिव्हॉल्व्हर बाहेर काढायचे, त्याचं चक्र उघडून रिकामं असल्याचं मला दाखवायचे आणि पाटावर ठेवायचे. "बघितलंस? मग घाल झेंडू." दरवर्षी हेच वाक्य.

अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली. पाय थोडा परत आला, काठी घेऊन ते घरात चालू लागले. हात आला नाही. बोलणं जड झालं, आणि एक विचित्र गोष्ट घडली. माझ्याशी ते नेहमी शुद्ध मराठी बोलत, आता चाळीतली मालवणी परत आली. हॉस्पिटलात मी त्यांना घरी न्यायची तयारी करत होते, तेव्हा ते म्हणाले, "ह्या अर्ध्या माणसाक घरी न्हेऊन काय करतलंस?" अर्ध्या माणसाला घरी नेऊन काय करणार, असं. मी म्हटलं, "भाजी निवडायला बसवीन. डाव्या हाताने." ते हसले नाहीत.

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. दुपारी ते खुर्ची फिरवून लोखंडी कपाटासमोर बसू लागले, तेव्हा तर अजिबात नाही. समोरच्या खिडकीतून इतकं दिसतं, गिरणीच्या जागेवरचे टॉवर, पलीकडे समुद्राची एक रेघ. त्यांना कपाट बघायचं असे. तुम्हाला स्पष्ट सांगते, मला ते रिव्हॉल्व्हर घराबाहेर हवं होतं. आणि त्यांना ते घरात हवं होतं, कारण त्यांच्या साहेबपणाचं तेवढंच काय ते उरलं होतं. परवान्याचं नूतनीकरण तोंडावर आलं होतं. त्यासाठी हत्यार घेऊन स्वतः जावं लागतं. समोर बसलेल्या अधिकाऱ्याने लुळा हात पाहिला की तो काय लिहील, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तो विषय आम्ही काढत नव्हतो.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला ते खुर्चीत बसले, जुनं काळं होल्स्टर मांडीवर घेतलं आणि डाव्या हाताने रिव्हॉल्व्हर ओढायला लागले. होल्स्टर धरून ठेवायला दुसरा हात नाही, त्यामुळे रिव्हॉल्व्हरबरोबर होल्स्टरही उचललं जात होतं. त्यांनी ते गुडघ्यांत दाबून पाहिलं. मग रिव्हॉल्व्हर खाली पडलं. रिकामं होतं, पण लादीवर असा आवाज झाला की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी नंतर विचारलं, काय पडलं म्हणून. मी वाकून ते उचललं. थंड होतं आणि वाटलं होतं त्यापेक्षा बरंच जड. मी ते पाटावर ठेवलं. त्यांनी चक्र उघडून दाखवलं नाही, आणि ते वाक्यही म्हणाले नाहीत.

आरती झाल्यावर ते म्हणाले, "डाव्या हाताचा होल्स्टर करूक व्हया."

"करायला हवं म्हणजे? कुठून आणायचं?"

"आणूचा नाय. घरात करूचा."

"आणि ते कशाला?"

"परवान्याक जावचा आसा. थंय पोरांसमोर मांडीत धरून ओढत बसू?"

पोरं म्हणजे तिथले आताचे अधिकारी. डाव्या कमरेला होल्स्टर लावायचं, त्यांच्यासमोर डाव्या हाताने रिव्हॉल्व्हर सहज काढून टेबलावर ठेवायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. मी नाही म्हणू शकले असते. पण हॉस्पिटलातून आल्यापासून त्यांनी पहिल्यांदाच काही मागितलं होतं. आणि व्यायाम शिकवायला येणारी फिजिओची मुलगी केव्हापासून म्हणत होती, "आजी, चेंडू दाबून दाबून कंटाळलेत ते. डाव्या हाताला खरं काहीतरी काम द्या ना."

खरं काम असं मिळालं.

चामडं मी धारावीतून आणलं. टॅक्सीने गेले, बरोबर शेजारच्या बाई होत्या. जाड, बिस्किटाच्या रंगाचं, झाडाच्या सालीत कमावलेलं. दुकानातच भोकं पाडायची आरी मिळाली, दोन जाड बोथट सुया आणि मेण लावलेला दोरा मिळाला. घरी आणल्यावर खोलीभर त्याचा वास झाला. आजोबांनी तो तुकडा नाकाशी नेला आणि म्हणाले, "ट्रेनिंग." इतकंच. नाशिकला पोलीस ट्रेनिंगला असतानाचा पट्ट्यांचा वास असावा.

काम कसं करायचं ते त्यांच्या डोक्यात होतं. जुन्या होल्स्टरची शिवण ब्लेडने उसवायची, ते उलगडून सपाट करायचं, त्याचा आकार खाकी कागदावर उतरवायचा. ते जुनं होल्स्टर एकाच तुकड्याचं होतं, मधोमध दुमडून कडेला शिवलेलं, मागे पट्टा ओवायला जागा, वर टिचबटण लावलेली एक पट्टी. मी कागद कापला. आजोबा म्हणाले, "आता कागद उलटो कर. डाव्या हाताक सगळा उलट."

मी कागद उलटा केला. चामड्यावर ठेवला. पेन्सिलीने कडेने रेघ ओढली.

आता इथे नीट लक्ष द्या. मी आयुष्यभर स्वतःची ब्लाऊजं स्वतः शिवली आहेत. गिरगावात माझ्या मावशीने मला शिवण शिकवलं, आणि तिचा पहिला धडा असा की खूण नेहमी कापडाच्या उलट्या बाजूला करायची, म्हणजे खडूचा डाग सुलट्या बाजूला दिसत नाही. चामड्यालाही दोन बाजू असतात, वरची गुळगुळीत आणि आतली खरखरीत. मी विचारही न करता खरखरीत बाजू वर घेतली होती. खूण केली, आजोबांना दाखवली. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं, म्हणाले, "होय." मी कापलं. त्यासाठी माझी चांगली कात्री मी कायमची बोथट केली.

त्याच आठवड्यात निवडणूक जाहीर झाली. निवडणुकीच्या काळात परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात, हे तुम्हाला माहीत नसेल. आम्ही टॅक्सी करून गेलो. तिथला तरुण अधिकारी उभा राहिला. "साहेब, तुम्ही कशाला त्रास घेतलात? फोन केला असता तर आम्ही घरी आलो असतो."

"तू घरी आलास तर शेजारी म्हणतील, म्हाताऱ्याला उचलला," आजोबा म्हणाले. शुद्ध मराठीत, आणि अगदी जुन्या आवाजात. तो पोरगा हसला. मला त्या दिवशी घरी येताना इतकं हलकं वाटलं की मी वाटेत मिठाई घेतली. कपाट रिकामं होतं. तरी आजोबा दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोर बसले नाहीत, कारण आम्हाला शिवायचं होतं.

चामडं शिवायची रीत कापडासारखी नसते. आधी आरीने सगळी भोकं पाडायची. ती मी जुन्या पोळपाटावर पाडली, आजोबा अंतरं सांगत होते. मग एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांना एकेक सुई. एक सुई डावीकडून भोकात जाते, दुसरी उजवीकडून त्याच भोकात येते, आणि दोन्हीकडून एकदम ओढायचं. मग एका बाजूचा दोरा झिजून तुटला तरी दुसऱ्या बाजूचा टाका धरून राहतो. एकटा माणूस दोन हातांनी हे करतो. आमच्याकडे त्यांचा एक हात आणि माझे दोन होते. पण माझे दोन्ही वापरले तर त्यांच्या हाताला काम काय? म्हणून असं ठरलं, की एक सुई त्यांची, एक माझी.

मी खुर्चीत बसून चामडं दोन लाकडी पट्ट्यांत घालून गुडघ्यांत घट्ट धरायची. ते समोर स्टुलावर. त्यांची सुई इकडे आली की मी ओढायची, माझी सुई तिकडे गेली की ते ओढायचे. मग दोघांनी एकदम ताण द्यायचा. पहिल्या दिवशी फारच थोडे टाके झाले आणि तेही वाकडे.

"ओढ गो."

"ओढलंय. तुम्ही सैल सोडलंत."

"मी? माझ्या बाजून तंगता आसा बघ."

"तंगतंय तर मग हा दोरा लोंबतोय कुणाचा?"

आमच्या मध्ये ते चामडं उभं, पलीकडे त्यांचा चेहरा. म्हणाले, "अंतरपाटासारख्या दिसता. भटजी खंय गेलो?"

मला हसू आवरेना. पट्ट्या सुटल्या आणि एक टाका परत घालावा लागला. आजारपणानंतर या घरात झालेला तो पहिला विनोद. मला आठवतो तो शेवटचाही असावा, पण तेव्हा तसं वाटलं नव्हतं.

रोज सकाळची आंघोळ झाली की आम्ही बसत असू. त्यांच्या डाव्या हाताला सुई धरता यायला लागली, मग भोक न बघता सापडायला लागलं. फिजिओची मुलगी एकदा वेळेआधी आली आणि दारातच उभी राहून बघत राहिली. "हे सोडू नका," ती म्हणाली. त्याच सुमाराला ते डाव्या हाताने चमच्याने वरणभात खाऊ लागले. सांडत असे, पण मला भरवू देत नसत. मी ताटाखाली वर्तमानपत्र घालायची आणि दुसरीकडे बघायची.

शिवण संपली. ते तयार होल्स्टर टेबलावर ठेवून आम्ही दोघांनी पाहिलं. अगदी बरोबर दिसत होतं. का दिसणार नाही? इतकी वर्षं ते दोघांनी तसंच पाहिलेलं होतं.

निवडणूक झाली, हत्यार परत मिळालं. मला ते आणायचं नव्हतं. टॅक्सीत मी खिडकीबाहेर बघत होते. शेवटचं काम उरलं होतं. चामडं परातीत कोमट पाण्यात भिजवायचं, रिकामं रिव्हॉल्व्हर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आत घालायचं आणि ओलं चामडं बोटांनी, चमच्याच्या पाठीने दाबत त्याच्या अंगाबरोबर बसवायचं. वाळलं की तोच आकार धरून ठेवतं. ते दाबायचं काम आजोबांनी सगळं स्वतः केलं. डाव्या अंगठ्याने, कितीतरी वेळ. मग पंख्याखाली वाळायला ठेवलं.

वाळल्यावर मी त्यांच्या पट्ट्यात ते ओवून दिलं, डाव्या कमरेवर. ते काठी भिंतीला टेकवून उभे राहिले. हात खाली नेला आणि तिथेच थांबला. रिव्हॉल्व्हरचा दस्ता मागे, त्यांच्या तळव्याकडे असायला हवा होता. तो पुढे, पोटाकडे होता. मला वाटलं, मी पट्टा चुकीचा ओवला. काढला, पुन्हा ओवला. पट्टा ओवायची जागा एकाच बाजूला होती आणि ती बाजू बदलता येत नव्हती. मग ते हळूच म्हणाले, "उजवीकडे लाव."

मी उजव्या कमरेवर लावलं. अगदी बरोबर बसलं. जिथे पूर्वी असायचं तिथेच, तसंच. त्याच्या शेजारी तो हात लोंबत होता.

"ह्या उजव्या हाताचा आसा," ते म्हणाले.

मी काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तशा नजरेने त्यांनी माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. ठाण्यात समोर बसवलेल्या माणसाकडे पाहायची ती नजर असावी. शुद्ध मराठीत विचारलं, "मुद्दाम केलंस?"

मी म्हटलं, "नाही हो."

"तुला हे घरात नको आहे."

"नको आहे," मी म्हटलं. "पण मी मुद्दाम नाही केलं."

या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पण एक ऐकल्यावर दुसरीवर कोण विश्वास ठेवील? त्यांनी पट्टा सोडला. रिव्हॉल्व्हर कपाटात गेलं. होल्स्टर टेबलावरच राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा कपाटासमोर बसले.

चूक कुठे झाली ते मला दोन दिवस कळलं नाही. ब्लाऊज बेतताना कापड दुहेरी घडी करून कापतात, त्यामुळे डावी आणि उजवी अशा दोन्ही बाह्या आपोआप निघतात. उलटसुलट झालं तरी बिघडत नाही, म्हणून माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. चामडं एकेरी होतं. शेवटी मी वर्तमानपत्राचा कागद आणि एक रुमाल घेऊन बसले. कागद उलटा केला, रुमालाच्या उलट्या बाजूला ठेवला, कापला, रुमाल सुलटा केला. पुन्हा उजवाच. तसाच कागद आणि रुमाल घेऊन मी त्यांच्यासमोर गेले आणि कपाट आणि त्यांच्यामध्ये उभी राहिले.

"बघा," मी म्हटलं, आणि सगळं पुन्हा करून दाखवलं.

ते बघत राहिले. "म्हणजे दोनदा उलटा केलंस."

"हो. एकदा तुम्ही सांगितलंत म्हणून, आणि एकदा सवयीने."

"आणि मी होय म्हटलंय."

"हो."

त्यांनी रुमाल हातात घेतला. "माका पण तोच हात दिसत होतो," ते म्हणाले.

मला वाटलं, मिटलं. पण ते मिटलेलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं की हिशेब जुळला तरी त्यांना तो पटलेला नाही. मी पोलिसाच्या घरात संसार केला. सगळं नीट समजावून सांगणाऱ्या माणसावर ते लोक जास्तच संशय घेतात. मग मी जे म्हटलं ते मला आजही आठवतं. मी म्हटलं, "चामडं उरलंय. दुसरं होईल. उद्या कापते. या वेळी गुळगुळीत बाजूवर."

"कापशील?"

"कापते."

मी कापलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, त्यांच्यासमोर. बोथट कात्रीने कडा खराब निघाली, पण तुकडा डाव्या हाताचा होता. मी तो दुमडून त्यांच्या कमरेला लावून दाखवला. भोकं पाडली. दोऱ्याला दोन्हीकडे सुया लावल्या. आम्ही समोरासमोर बसलो. मला ते रिव्हॉल्व्हर घरात नको होतं आणि मी त्याचं घर शिवायला बसले होते. त्यांचा माझ्यावर विश्वास राहावा, यासाठी मला दुसरा मार्ग दिसत नव्हता.

सुई येत होती, जात होती. थोडे टाके झाले असतील. माझी सुई पलीकडे गेली आणि दोरा ओढला गेला नाही. मी वाट पाहिली. चामड्याच्या वरून पाहिलं तर ते माझ्याच हाताकडे बघत होते. माझी बोटं आरीने जागोजाग टोचलेली होती, एका नखाखाली काळं झालं होतं.

"पुरे," ते म्हणाले.

"दमलात का?"

"नाय. पुरे."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दाढी केली, डाव्या हाताने, एक जागा कापून घेतली, आणि म्हणाले टॅक्सी बोलाव. पोलीस ठाण्यात तोच तरुण अधिकारी होता. "साहेब, निवडणूक तर संपली. आता काय जमा करताय?"

"माझी पण संपली," आजोबा म्हणाले. "परवाना परत करायचाय. काय लिहायचं ते हिला सांग, हिला टायपिंग येतं."

मीच लिहिला तो अर्ज. त्यांनी डाव्या हाताने सही केली. ती त्यांच्या सहीसारखी दिसत नव्हती, म्हणून खाली अंगठाही घेतला. अंगठ्याला शाई लावताना त्यांनी मान दुसरीकडे वळवली. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचे घेतले होते.

रिव्हॉल्व्हर ठाण्यातच राहिलं, मला हवं होतं ते झालं. मग पुढचं तुम्हाला सांगायला हवं, नाहीतर ही फाईल अर्धवट राहील. त्या दिवसानंतर आजोबा समोर स्टुलावर बसले नाहीत. फिजिओची मुलगी म्हणाली दुसरं काही शिवा, पाकीट करा, चष्म्याचं घर करा. मी चामडं काढून ठेवलं. ते म्हणाले, "नको." चेंडूही दाबेनात. चमचा हातात धरून बसून राहायचे, मग मी भरवायला लागले आणि त्यांनी भरवू दिलं. दाढी शेजारचा न्हावी येऊन करू लागला. दुपारी ते खिडकीकडे तोंड करून बसायचे. कपाट बघत नाहीत याचं मला बरं वाटायला हवं होतं.

पुढच्या खंडेनवमीला मी पाट मांडला. कात्री, विळी, शिट्टी, आणि आरी. ते म्हणाले, "तो पण ठेव." मी होल्स्टर ठेवलं, रिकामं, रिव्हॉल्व्हरचा फुगवटा तसाच. हळदकुंकवाचं बोट लावलं. चामडं कोरडं होतं, त्यामुळे त्यात ते मुरलं, आणि पुसून गेलं नाही. तुम्ही विचारलं होतंत ना, तो लाल डाग कसला. धाकट्या, तो रक्ताचा नाही.

त्यानंतरच्या खंडेनवमीपर्यंत ते राहिले नाहीत.

त्यांना माझं खरं वाटलं होतं का, हे मी त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी होय म्हटलं असतं. ते तसं म्हणण्याइतके चांगले होते, म्हणूनच विचारण्यात अर्थ नव्हता. ते 'पुरे' त्यांनी माझ्यासाठी म्हटलं की स्वतःला कंटाळून, तेही मला माहीत नाही. रिव्हॉल्व्हर राहिलं असतं तर ते अजून थोडे सरळ बसले असते, की माझी भीती खरी झाली असती? दोन्ही बाजूंनी मी पुष्कळ वेळा विचार केला आहे, आणि लिहायला बसले तरी त्यात भर पडलेली नाही.

तर धाकट्या, प्रोजेक्टमधली ओळ बदल. काय लिहायचं ते तू ठरव.

होल्स्टर दारामागे आहे. त्याचा एकही टाका सुटलेला नाही. दुसरा, अर्धा शिवलेला तुकडा शिवणाच्या डब्यात आहे, दोऱ्याला दोन्ही बाजूंनी सुया तशाच आहेत.

— आजी